मिरजेचा तंबोरा

दिवाळीच्या आधीची साफसफाई हा प्रत्येक घरातला एक छोटा इतिहास-संशोधनाचा उपक्रम असतो. माळ्यावरून काय निघेल याचा नेम नसतो. आमच्या शेलूच्या घरी मात्र बरीच वर्षे या सफाईत एक गोष्ट ठरलेली असे. बाहेरच्या खोलीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या डाव्या बाजूला, एक जुनी कापडी चुंबळ ठेवलेली होती. आई ती उचली, उन्हात झटकी आणि पुन्हा त्याच जागी ठेवी. त्या चुंबळीवर काहीही नव्हते. तंबोरा २००५ सालीच गेला होता.

ज्यांनी शेलू पाहिलेले नाही त्यांना सांगायला हवे, की कर्जतच्या लोकलने निघालात तर वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये हे स्टेशन लागते. एका अंगाला माथेरानचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदी. वडिलांनी येथे घर घेतले तेव्हा ते अंबरनाथच्या एका कारखान्यात नोकरीला होते, आणि डोंबिवलीत जागा घेण्याइतके पैसे जवळ नव्हते. नदी जवळ आहे म्हणून ते खूश होते. २६ जुलै २००५ रोजी नदी जरा जास्तच जवळ आली. त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या गच्चीवर होतो. सकाळी कमरेइतक्या पाण्यातून घरात शिरलो तेव्हा आईचा तंबोरा खोलीभर तरंगत होता.

भोपळा तो! गावोगावची मुले एके काळी पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकली, तेव्हा तो बुडेल कशाला? पण बारा-चौदा तास पाण्यात राहून तो भिजला, फुगला, आणि दांडी जेथे भोपळ्याला जोडलेली असते त्या गुळूपाशी सांधा सुटला. आईने तो चार दिवस पडवीत वाळवला. पाचव्या दिवशी भोपळ्याला बुरशी धरली. मग तिने तारा काढून गुंडाळून डब्यात ठेवल्या आणि मला म्हणाली, "घेऊन जा बाबा हे." लग्नाआधी सांगलीला असताना, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षेत ती पहिल्या वर्गात आली म्हणून, तिच्या शाळामास्तर वडिलांनी कर्ज काढून हा तंबोरा मिरजेहून आणून दिला होता. त्यानंतर तिने तंबोऱ्याचा विषय काढला नाही. गळ्याशी मात्र तिने फारकत घेतली नाही. बंगळूरच्या जी. राजनारायण यांनी १९७९ साली विजेवर चालणारा तंबोरा तयार केला, त्या जातीची एक पेटी मी तिला आणून दिली. बटण दाबले की ती न थकता, न चुकता वाजत राही. आई म्हणे, "सोय छान आहे." आईच्या भाषेत 'सोय' हा शब्द फार स्तुतीचा नव्हे.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या लक्षात आले, की स्वयंपाकघरात कुकरच्या पाच पाच शिट्ट्या झाल्या तरी आई शेजारी बसून शांतपणे शेंगा सोलते. आणि गंमत अशी, की घराबाहेरून मालगाडी गेली तर ती गाडी दिसण्याआधीच "लांबलचक दिसतेय" म्हणते! पत्नीने 'साखर' मागितली तर आईला 'आखर' ऐकू येई. मी मराठी शिकवणारा मनुष्य. ऊष्म वर्ण कसे लोप पावतात हे मी वर्गात तासभर समजावून सांगतो. घरात लोपू लागले तेव्हा कळायला सहा महिने लागले.

कल्याणच्या डॉक्टरांनी कानांचा आलेख काढून दाखवला. डावीकडे, खालच्या स्वरांकडे, रेघ बऱ्यापैकी सरळ होती. उजवीकडे, वरच्या स्वरांकडे, घाटातून उतरावी तशी ती खाली आली होती. वयाबरोबर वरचे आवाज आधी जातात, खालचे शेवटपर्यंत टिकतात, असे ते म्हणाले. 'स', 'श', 'फ' ही मंडळी वरच्या मजल्यावर राहतात. ती आधी घर सोडतात. "यंत्र लावा, पण गेलेलं परत येत नाही. आहे ते किती वर्षं राहील, सांगता यायचं नाही." आई उरलेले सारे ऐकून घेऊन रस्त्यात मला एवढेच म्हणाली, "अरे, मग आता जव ऐकू यायची नाही."

वाचकांपैकी ज्यांच्या घरी गाणे नाही त्यांच्यासाठी हा 'जव' काय आहे ते थोडक्यात सांगितले पाहिजे. तंबोऱ्याला चार तारा. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोड म्हणतात, आणि चौथी पितळेची, खर्जाची. या तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा धारदार नसतो. चौरंगासारखा रुंद आणि अगदी किंचित उतरता असतो. तार हलते तेव्हा या उतारावर ती निसटती टेकत राहते. त्या टेकण्यातून नुसता टणत्कार न निघता स्वराला एक झिलई येते, मधमाश्यांच्या गुंजारवासारखी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवून ती जागा नेमकी साधावी लागते. केसभर पुढे गेला तर आवाज मुका, केसभर मागे आला तर चिरका. जागा साधली की जवारी खुलली असे म्हणतात.

यात मौज अशी, की एकेका तारेतून एकच स्वर निघत नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी नोबेल पारितोषिकाच्या कितीतरी आधी, १९२१ साली, भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटूच नयेत, असा पाश्चात्य शास्त्रज्ञांचा नियम होता. रामन यांनी दाखवले, की आपला तंबोरा आणि वीणा हा नियम सरळ धाब्यावर बसवतात; त्या रुंद घोडीमुळे न उमटणारे स्वरही उमटतात. म्हणूनच खर्जाच्या तारेतून, कोणीही न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

त्या पाडव्याला मी ठरवले, की आईला तंबोरा आणायचा, आणि तो मिरजेचाच. कान शाबूत आहेत तोवर आणायचा.

वाटले होते, दुकानात जावे, पैसे मोजावे, घेऊन यावे. दुकानात तंबोरे असतात, नाही असे नाही. पण नाताळच्या सुटीत मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आईच्या जुन्या तंबोऱ्याचे वर्णन सांगत हिंडलो, तेव्हा सगळ्यांनी एकाच घराकडे बोट दाखवले. अरुंद जिना, वर एक लांबट खोली, भिंतीला टांगलेले भोपळे, जमिनीवर लाकडाचा भुगा आणि लाखेचा वास. सत्तरीचे एक गृहस्थ मांडीवर दांडी आडवी घेऊन कानस चालवीत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत होते, मीही म्हणालो.

"सूर कुठला?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"काळी चार."

"गाणार कोण?"

"आई. आता अडुसष्टची आहे."

"मग काळी चार राहते का अजून?" मी गप्प झालो. ते हसले. "तंबोरा काळी चारचाच करू. खाली उतरवून लावता येतो थोडा. माणसाचा सूर उतरतो, वाजंत्र त्याच्यासंगं उतरलं पाहिजे."

किती दिवस लागतील असे विचारले तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या भोपळ्यांकडे पाहिले. हा भोपळा भाजीचा नव्हे. कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूच्या शेतांतून येतो. वेलीवरच पुरता जून होऊ द्यावा लागतो. घाईने तोडला तर पुढे सुरकुततो. मग तो महिनोन्महिने वाळतो. पाण्यात भिजवून मऊ करून तोंड कापायचे, आतला गर आणि बिया खरवडून काढायच्या, आकार धरावा म्हणून आतून काड्यांचा ताण द्यायचा, पुन्हा वाळवायचा. दांडी आणि वरची तबली तून नावाच्या लाकडाची. तेही मुरलेले हवे. जोडकाम, नक्षी, मग चपडा लाखेचे पॉलिश हाताने, थरावर थर. तारा चढल्या की जवारी. "आणि सगळं जमलं, तरी आवाज येतोय का ते शेवटी कळतं," चाचा म्हणाले. "वर्ष धरा."

मी विसार दिला आणि एक भोपळा निवडला. म्हणजे मी बोट दाखवले आणि चाचांनी दुसरा काढला.

मिरज आणि तंतुवाद्ये यांचे नाते सुमारे दीड शतकाहून जुने. ही वाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांची. तलवारींचे दिवस संपले. पटवर्धन संस्थानिकांच्या पदरी गवई-बजवय्ये येत, त्यांची वाद्ये मोडत, आणि दुरुस्तीला जवळपास कोणी नसे. फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम हाती घेतले आणि दुरुस्त करता करता वाद्ये बनवायला शिकले. पोलादाला धार लावणारे हात तारेखालची घोडी घासू लागले. पुढे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेला होते, विष्णु दिगंबर पलुस्कर तेथे त्यांच्यापाशी शिकले. अब्दुल करीम खाँसाहेबांनी तर मिरज आपले घरच केले. खाँसाहेब स्वतः वाद्यांच्या दुरुस्तीत वाकबगार होते. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात एका रेल्वे स्टेशनावर त्यांचा अंत झाला आणि त्यांना मिरजेला आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केले. त्यांच्या स्मरणार्थ तेथे दर वर्षी गाणे होते. कारागिराच्या शेजारी गवई राहत असेल तर कारागिराला खोटे चालवून घेता येत नाही, हे मिरजेच्या वाद्यांच्या लौकिकाचे एक कारण असावे असे मला वाटते.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझा डोंबिवलीचा भाचा राहायला आला. इंजिनीअरिंग शिकतो आणि मित्रांच्या वाद्यवृंदात वाजवतो. आईने विचारले, "काय वाजवतोस रे?"

"आजी, मी बास वाजवतो."

"मग बास कर की!" आई म्हणाली, आणि घरभर हशा पिकला. त्याने आपले वाद्य काढून दाखवले तेव्हा कळले, की हे गिटारीचे थोरले भावंड आहे. चारच तारा, जाड, आणि सगळा कारभार खालच्या स्वरांचा. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थाने विजेची अशी गिटार बाजारात आणली. त्याआधी पुरुषभर उंचीचे अवजड वाद्य उभे राहून वाजवावे लागे. आता ती कारखान्यांतून हजारोंनी निघते. पण काही लहान कारखाने अजून असे आहेत, की मागणी नोंदवायची आणि वाट पाहायची. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९८३ साली विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला या दोघांनी असेच एक काम सुरू केले. लाकूड निवडण्यापासून सारे हाताने. भाच्याने अशाच एका परदेशी कारागिराकडे नाव नोंदवले होते, शिकवण्या करून पैसे साठवत होता, आणि त्याचा क्रमांक यायला दीड वर्ष होते.

"दुकानातली का घेत नाहीस?" मी मामाच्या अधिकाराने विचारले.

"दुकानातली वाजते, मामा. पण ती सगळ्यांच्या हाताची असते."

मी काही बोललो नाही. सतारमेकर गल्लीत मी स्वतः याच कारणासाठी विसार देऊन आलो होतो. आजी आणि नातू यांची मात्र त्या दिवसापासून युती झाली. दोघेही एकमेकांना विचारू लागले, "आला का रे निरोप?" "नाही आजी. तुझा?"

चाचांचा निरोप जुलै २०१९ मध्ये आला. तारा चढवल्या आहेत, येऊन ऐकून जा. मी शनिवारी, २७ जुलैच्या रात्रीचे महालक्ष्मी एक्सप्रेसचे तिकीट काढले. ही गाडी रोज रात्री आमच्या शेलूवरून जाते, थांबत मात्र नाही. शुक्रवारी रात्री पाऊस असा कोसळला, की आम्ही सारे पुन्हा २००५ च्या आठवणीने जागे होतो. त्या रात्री महालक्ष्मी आमच्यापर्यंत आलीच नाही. बदलापूर आणि वांगणी यांच्यामध्ये उल्हासच्या पाण्याने तिला चारी बाजूंनी वेढले. दुसऱ्या दिवशी नौदलाचे आणि आपत्ती दलाचे जवान बोटी घेऊन आले आणि हजारावर प्रवासी सुखरूप बाहेर काढले, ते सर्वांनी वृत्तपत्रांत वाचलेच असेल. माझे तिकीट रद्द झाले. पुढच्याच महिन्यात कृष्णेला महापूर आला. सांगली पाण्याखाली गेली, मिरजेचा कृष्णाघाट बुडाला. चाचांची गल्ली बचावली, पण हवेतली ओल सगळीकडे शिरली.

मी गेलो तो ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुटीत. तंबोरा तयार होता. मधाच्या रंगाचा, भोपळ्यावर वेलबुट्टी. मी भीत भीत तारांवरून बोटे फिरवली. मला विचाराल तर उत्तम वाजला. चाचांनी डोळे मिटून ऐकले आणि मान हलवली.

"बोलतोय. पण मागं राहत न्हाई."

म्हणजे काय, ते त्यांनी दाखवले. दुसरा एक जुना तंबोरा छेडला. सूर खोलीत फिरून येऊन पुन्हा कानाशी बसल्यासारखा वाटला. मग आमचा छेडला. सूर निघाला आणि दाराबाहेर गेला. भोपळ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी बोट फिरवले. एक बारीक चीर होती, नखाने चाचपल्याशिवाय न कळणारी.

"हा देत न्हाई. दुसरा करतो."

येथे माझा तोल गेला हे कबूल केले पाहिजे. मी म्हणालो, "चाचा, मला वर्षभर थांबायला वेळ नाही. आईचे कान चाललेत. हाच द्या. तिला एवढा फरक कळायचा नाही."

शेवटचे वाक्य तोंडातून गेल्यावर मलाच ते ऐकवेना. चाचांनी कानस खाली ठेवली.

"सर, कान कमी झाले म्हणून वाजंत्र कमी द्यायचं? चांगले कान असतील तो कमी-जास्त भरून घेतो. ज्याला कमी ऐकू येतं त्याला पुरतंच द्यायला पाहिजे."

मी रिकाम्या हाताने परतलो. आईला काय सांगावे याचा विचार गाडीभर केला. तिने सारे ऐकले आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. चीर पुढे वाढते." तिच्या चेहऱ्यावर मला निराशा दिसली नाही, कितीतरी वर्षांनी कोणीतरी तिच्या तोलामोलाचे बोलले याचे समाधान दिसले. त्या रात्री मी मात्र जागा राहिलो. उरलेले दिवस मोजण्याचा हक्क मी परस्पर घेतला होता. ते दिवस तिचे होते, आणि तिला घाई नव्हती.

मार्च २०२० मध्ये सगळेच थांबले. मैफली बंद, गाड्या बंद, शाळा बंद. मिरजेच्या गल्लीतल्या मागण्या बंद. मी चाचांना उरलेली सर्व रक्कम पाठवून देतो म्हणालो. त्यांनी निम्मीच घेतली. "बाकीची आवाज ऐकून द्या," म्हणाले. आईचे कान त्या दोन वर्षांत आणखी उतरले. कानातले यंत्र बोलणे ऐकायला उपयोगी पडे, पण गाणे लावले की ती ते काढून ठेवी. यंत्र बोलण्यासाठी केलेले असते. सुरांची ते मोडतोड करते. "पत्र्याच्या डब्यात बसून ऐकल्यासारखं वाटतं," ती म्हणे. विजेची पेटीही हळूहळू बंद पडून राहू लागली. भाच्याची गिटार मधल्या काळात समुद्र ओलांडून आली. तो फोनवर म्हणाला, "आजी, तुझा नंबर माझ्या नंतर लागला."

ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन लशींचा दाखला खिशात घालून मी मिरजेला गेलो. चाचा वाळले होते. तंबोरा चुंबळीवर उभा होता; या खेपेला नक्षी कमी होती. ते म्हणाले, "वाजवा." मी छेडला. खोलीतले टांगलेले भोपळे जणू एकदम सावध झाले. मला त्यातले फारसे कळत नाही, पण 'मागं राहणं' म्हणजे काय ते त्या दिवशी कळले. मी उरलेले पैसे मोजले. येताना महालक्ष्मीच्या गाडीत माझ्या बाकावर तंबोरा निजला आणि मी रात्रभर पायथ्याशी बसून राहिलो. पहाटे कल्याणला उतरून कर्जत लोकल धरली. शेजारच्या दूधवाल्याने विचारले, "काय आहे साहेब एवढं मोठं?" मी म्हणालो, "भोपळा." तो म्हणाला, "जपून न्या."

आईने आंघोळ केली, लुगडे बदलले, आणि मग हात लावला. खुंट्या पिळताना तिची बोटे थरथरत होती, पण जोड जुळवायला तिला वेळ लागला नाही. जव तिला नीट ऐकू येत नव्हती हे मला दिसत होते. धागा सरकवताना ती थांबून थांबून माझ्याकडे पाही, आणि मी बापडा काय सांगणार! तेव्हा माझी नऊ वर्षांची मुलगी पुढे झाली. "आजी, आता चिरकतोय. आता मुका झाला. थोडा इकडे. हां, आता छान!" आजीचा हात आणि नातीचा कान, असा तो तंबोरा लागला.

दिवाळीला आलेल्या भाच्याने आजीला एक युक्ती सांगितली. "आजी, यंत्र काढ. भोपळ्यावर तळहात ठेव आणि गाल दांडीला लाव. आम्ही असंच करतो. खालचा सूर कानाने कमी आणि हाडाने जास्त ऐकू येतो." आईने तसे केले. नातीने खर्ज छेडला. आई बराच वेळ तशीच बसली होती.

मुलीने एकाएकी विचारले, "बाबा, हा कोण गातोय? तारा तर चारच आहेत. पाचवा सूर कुठून येतोय?"

मी मघाचे रामन यांचे व्याख्यान सुरू करणार, एवढ्यात आईने डोळे न उघडता म्हटले, "गंधार आहे तो. मला केव्हाचा ऐकू येतोय."

रात्री मी कागद घेऊन हिशोब मांडला. काळी चारच्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे १०४ कंपनांचा. त्याच्या पाचपट म्हणजे स्वयंभू गंधार, सुमारे ५२०. डॉक्टरांच्या आलेखात आईच्या कानांचा घाट सुरू होतो तो त्याच्या बराच पलीकडे. म्हणजे वरची झिलई गेली, कुकरची शिट्टी गेली, माझा 'स' गेला. पण खर्ज आणि त्याच्या पोटातला गंधार हे दोघे तिच्या हद्दीत राहिले होते. चिरलेला भोपळा मी हट्टाने आणला असता तर? त्याचा सूर मागे राहत नव्हता, आणि हा गंधार जे मागे राहते त्यातच असतो. आईला फरक कळला नसता असे मी म्हणालो होतो. तिला फरक कळला नसता हे खरे. तिला गंधारच मिळाला नसता.

या गोष्टीला आता चार वर्षे झाली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे मिरजेचे नाव दुसऱ्या कोणी लावू नये अशी कायद्याची तजवीज झाली. चाचांना अभिनंदनाचा फोन केला. ते म्हणाले, "नाव राहील सर. काम करणारी पोरं राह्यली पाहिजेत." त्यांचा नातू पुण्याला संगणकाचे शिक्षण घेतो, सुटीत येतो तेव्हा पॉलिशला बसतो, जवारीला अजून बसत नाही. जवारी यायला दहा वर्षे लागतात, असे चाचा सांगतात. मी त्यांना वर्ष धरायला सांगितलेले आठवत होतो. दहा वर्षे कोण धरील, हे विचारण्याचे मला धैर्य झाले नाही.

घोडीही झिजते. तारांनी तिच्यावर चरे पाडले, की जव उतरते आणि पुन्हा घासून घ्यावी लागते. परवा सफाईच्या वेळी मुलगी म्हणाली, "बाबा, जोड थोडा चिरकतोय. मिरजेला न्यायला हवा." ती आता तेरा वर्षांची आहे, सकाळी शाळेआधी अर्धा तास बसते. आई पंचाहत्तर वर्षांची. शेजारी बसून भोपळ्यावर हात ठेवते. नात चुकली की तिला तळहाताला कळते, असे ती म्हणते. आम्ही वाद घालत नाही.

चुंबळ यंदाही उन्हात झटकून झाली. दिवाळी झाली, की मी आणि मुलगी महालक्ष्मीने मिरजेला निघू. चाचांना निरोप धाडला आहे. त्यांचे उत्तर आले, "या. पण थांबावं लागेल."

मी कळवले, थांबू.